मधल्या टेबलावरचे अण्णा

बंगलोरात एक कॉफी दोघांनी घ्यायची असेल तर 'बाय-टू' म्हणायचं. वेटर एक कॉफी दोन पेल्यांत निम्मी-निम्मी करून आणून ठेवतो आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. पण एकटाच माणूस टेबलाशी बसून बाय-टू मागवतो, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. त्या माणसाला आमचं सगळं ऑफिस अण्णा म्हणायचं. अण्णा एक पेला गरमागरम प्यायचे. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवून ठेवायचे आणि त्यावर साय धरली की तोही पिऊन टाकायचे. वेटर नवा असला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत घुटमळायचा. जुने वेटर घुटमळत नसत.

मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "एक गरम, एक गार. मला दोन्ही लागतं."

तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता आणि माझा नागपुरी आगाऊपणा अजून बंगलोरच्या हवेत निवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तो दुसरा पेला उचलून पिऊन टाकला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. फक्त गणितात कुठून तरी जास्तीचा आकडा आल्यासारखे गोंधळले. मग त्यांनी आणखी एक बाय-टू मागवली. मला वाटलं, चला, जमली गट्टी. तर त्यांनी त्यातला एक पेला स्वतः घेतला आणि दुसरा गार व्हायला शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. राजाजीनगरच्या एका गल्लीत खाली लेथ मशीनची दुकानं होती आणि वर आमचं ऑफिस. कारखान्यांच्या चिमण्या, पंप, मोठाले पाइप, धरणांचे दरवाजे असल्या गोष्टी बांधण्याआधी कॉम्प्युटरवर तपासून द्यायच्या, हा आमचा धंदा. कॉम्प्युटर गरम होऊ नयेत म्हणून एसी लावलेला असायचा, त्यामुळे आम्ही भर एप्रिलात स्वेटर घालून बसायचो. ऑफिसात दोन खोल्या होत्या. एकीत लोखंडवाले, दुसरीत पाणीवाले. लोखंड किती वाकेल, कुठे तुटेल हे लोखंडवाले काढायचे. पाणी किंवा वारा कसा वाहील हे पाणीवाले काढायचे. दोन्ही खोल्यांचं एकमेकींविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं. डबेसुद्धा वेगवेगळे उघडले जायचे. मी पाणीवाल्यांत होते.

अण्णांचं टेबल या दोन खोल्यांच्या मधल्या बोळात होतं. तिथे एसी पोचत नसे. त्यांचं कामच मधलं होतं, म्हणून टेबलही मधे, एवढा सरळ विचार कुणीतरी कधीतरी केला असणार आणि नंतर ते टेबल हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. जेवायच्या वेळी लोखंडवाल्यांना वाटायचं, अण्णा पाणीवाल्यांकडे जेवतात. पाणीवाल्यांना वाटायचं, लोखंडवाल्यांकडे. अण्णा आपले दहीभात बोळात खायचे.

त्यांचं काम समजायला अवघड नव्हतं, करायला होतं. धरणाचा लोखंडी दरवाजा थोडासा उचलला की खालून पाणी जोरात सुटतं. त्या पाण्याने दरवाजा केसभर हलतो. दरवाजा हलला की पाण्याची वाट बदलते, वाट बदलली की रेटा बदलतो आणि रेटा बदलला की दरवाजा पुन्हा हलतो. लोखंडवाल्यांच्या प्रोग्रामला फक्त दरवाजा कळायचा, पाणीवाल्यांच्या प्रोग्रामला फक्त पाणी. अण्णांनी बऱ्याच वर्षांच्या खटपटीने एक तिसरा प्रोग्राम लिहिला होता. तो याचं त्याला आणि त्याचं याला सांगत राहायचा, दोघांचं जमेपर्यंत. आम्ही त्याला 'निरोप्या' म्हणायचो. अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. तेव्हा स्वतः सडेफटिंग आणि दुसऱ्यांची लग्नं जुळवतात, हा विनोद दोन्ही खोल्यांत आपापला जन्माला आला होता.

लोखंडवाल्यांपैकी कुणी उत्तर काढून उठला की अण्णा बोळातून विचारायचे, "पाण्याला विचारलं काय?" आमच्यापैकी कुणी उठला की, "लोखंडाला विचारलं काय?" लोक हसायचे आणि पुढे जायचे. अण्णाही हसायचे. पण ते चेष्टा करत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बंगलोरचं. त्यांची मराठी घरातली, पण कन्नडच्या शेजारात मुरलेली. "मी सांगितलो," "मी बघितलो," "तो उद्या येतो करून म्हणाला." आमचे साहेब पुण्याचे. अण्णा बोलायला लागले की साहेबांचे ओठ हलायचे, ते मनातल्या मनात व्याकरण दुरुस्त करत असावेत. माझं "काय करून राहिले" ऐकून तर त्यांनी एकदा डोळेच मिटून घेतले. अण्णांनी मला पहिल्या दिवसापासून 'अम्मा' केलं. तिथे धाकट्या मुलीबाळींना अम्मा म्हणतात. बाविसाव्या वर्षी साठीला टेकलेल्या माणसाची अम्मा व्हायला मला मजा वाटायची.

हलणाऱ्या वस्तूपाशी अण्णांचा पाय अडकायचा. जिना चढताना कठड्यावर तळवा ठेवून थांबायचे, खालच्या लेथचा हादरा वर कितपत येतो ते बघायला. वारा सुटला की लोकांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत रस्त्यात उभे. एकदा एका बाईने वरून चांगलंच झापलं. अण्णा तिला समजावून सांगायला लागले की धोतर कडेने फडफडतं आणि चादर मधून फुगते. तिने खिडकी लावून घेतली.

हेब्बाळच्या तळ्याची सहल मात्र मी विसरणार नाही. ऑफिसची सहल, दोन व्हॅन. एकीत लोखंडवाले, एकीत पाणीवाले, हे सांगायलाच नको. तिकडे भेंड्या, पुरीभाजी, फोटो सगळं झालं. अण्णा पाण्याच्या कडेला, उंच गवतापाशी उभे. गवत वाऱ्याने वाकत होतं आणि बुडाशी पाणी हलत होतं. संध्याकाळी व्हॅन निघाल्या. लोखंडवाल्यांना वाटलं अण्णा आमच्या व्हॅनमध्ये आहेत, आम्हाला वाटलं त्यांच्या. दुसऱ्या दिवशी कळलं की अण्णा तळ्यावरच राहिले होते. अंधार पडायच्या आत चालत मोठ्या रस्त्याला आले आणि दोन बस बदलून घरी गेले.

साहेबांनी माफी मागितली तर अण्णाच ओशाळले. "सुम्ने कशाला सर," म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाच. "गवत नीट बघायला मिळालं. गर्दी गेल्यावर चांगलं दिसतं."

मला त्यांचा राग आला होता. चिडायचं तिथे माणसाने चिडावं ना जरा.

मग तो धरणाचा दरवाजा आमच्याकडे आला. धरण कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही. दरवाजा नव्या नमुन्याचा होता, पातळ आणि हलका. लोखंडवाले म्हणाले, मजबूत आहे. आम्ही म्हणालो, पाणी छान जातंय. निरोप्याने दोघांना समोरासमोर बसवलं आणि चांदण्या पडल्या.

आकडा फुगत फुगत कागदावरच्या रकान्यात मावेनासा झाला की प्रिंटर त्या जागी नुसत्या तारका छापायचा. आम्ही त्याला चांदण्या पडणं म्हणायचो. दरवाजा जास्त उघडला तर काही नाही. पण अगदी थोडा, बोटभर उघडला की पानंच्या पानं चांदण्या. याची कारणं दोन असू शकत होती. एक तर खरा दरवाजा तेवढ्या उघडिपीला थरथरायला लागेल आणि थरथरत थरथरत मोडेल. नाही तर दरवाजा ठणठणीत आहे आणि गणितच मोडलंय. जड पाण्यात हलकं लोखंड आलं की असे प्रोग्राम उगाचच उधळतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कागदावर दोन्हीचं रूप एकच.

दोन्ही खोल्यांचं प्रथमच एकमत झालं. निरोप्या बिघडला.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अण्णा, संक्रांतीनंतरच्या सोमवारी वर्कशॉपमध्ये पत्रा कापायला घेणार आहेत. तोपर्यंत मला काहीतरी ठोस दाखवा. नाही तर दरवाजा आहे तसा जाईल. आणि पुढच्या कामांना आपण बाहेरचा तयार प्रोग्राम घेऊ. तुमचं रिटायरमेंटही आलंच की."

अण्णा बोळात येऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांना निरोप्याचं वाईट वाटत असणार असं मला वाटलं होतं. वाटत होतंच, पण ते बोलले वेगळंच. "वर एक माणूस उभा असतो अम्मा. दरवाजा उचलायचं चाक फिरवतो तो. खाली थरथरलं तर पहिला तो जाणार. मी बरोबर असलो तर तो मरतो. मी चूक असलो तर बरंच की."

नंतर ते ऑफिस सुटल्यावर लगबगीने घरी जायला लागले. घरी दरवाजाचा छोटा नमुना करून खऱ्या पाण्यात बघतोय, एवढंच म्हणाले. आणि संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एक दिवस साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आले, "दरवाजा ठीक आहे सर. मी बघितलो. थरथर नाही. माझा प्रोग्राम खोटा." मग लोखंडवाल्यांच्या दारात उभं राहून तेच सांगितलं. मग आमच्या दारात. कुणी विचारलं नव्हतं, पण सांगितलं. आमच्या खोलीत एकाने "जाऊ द्या हो अण्णा" म्हटलं आणि सगळे पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या दिवसापासून मधलं टेबल रिकामं. अण्णांनी रजा घेतलेली कुणाला आठवत नव्हती.

संक्रांतीला मी खोलीवर तिळाचे लाडू केले. पाक चुकला आणि लाडू फोडायला हातोडी लागेल असे झाले. घरमालकीणबाईंनी त्यांच्या पद्धतीचा एळ्ळु-बेल्ल दिला, तीळ, गूळ आणि खोबऱ्याचे तुकडे एकत्र केलेला. तो आणि त्यातल्या त्यात मऊ लाडू घेऊन मी सकाळीच अण्णांचं घर शोधत गेले.

शेजारच्या अक्कांनी भिंतीवरून मागचं दार दाखवलं. "मागे आहेत. दिवसभर पाणी सोडून बसतात," असं काहीसं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. घरातून जाताना दिसलं, एक खुर्ची, एक चटई, खुंटीवर एक टॉवेल. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. सणाच्या दिवशी ते बरं दिसणार नाही म्हणून मी जोरात "अण्णा, हॅपी संक्रांत!" असं ओरडले.

मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांनी खिडकीच्या काचा उभ्या करून एक अरुंद पाट बनवला होता. गच्चीवरच्या टाकीचा पाइप त्यात सोडला होता. पाटाच्या मधोमध पितळी पत्र्याचा तळहाताएवढा दरवाजा होता, खऱ्याच्या मापाचं प्रमाण काढून केलेला. त्याला वर जाणारी बारीक सळई आणि सळईच्या टोकाला कडी. अण्णा लुंगी खोचून उभे होते. उजव्या हातात सळई, डावा हात भिंतीतल्या नळावर.

"अजून कशाला बघताय?" मी विचारलं. "तुम्हीच म्हणाला ना खोटा म्हणून?"

"कुठे चुकलो ते सापडत नाही गं अम्मा. बघ." त्यांनी डाव्या हाताने नळ मोठा केला, उजव्या हाताने दरवाजा बोटभर उचलला. पाणी काचेसारखं सरळ निघालं. "गप आहे. रोज बघतो. गपच आहे. पण माझ्या गणितात चूक दिसत नाही."

मी लाडू पुढे केला. "तिळगूळ घ्या अण्णा."

अण्णांचा उजवा हात सळईवर. डावा मोकळा होता, तो पुढे आला आणि लगेच मागे गेला. तिळगूळ डाव्या हाताने कसा घ्यायचा? "थांब स्वल्प," म्हणाले, आणि सळईची कडी त्यांनी शेडच्या आडव्या पाइपला असलेल्या हुकात अडकवली. पाणी तसंच वाहत होतं. लुंगीला हात पुसून त्यांनी ओंजळ पुढे केली. मी त्यात लाडू ठेवला, एळ्ळु-बेल्ल ठेवला आणि वाकून नमस्कार करणार तेवढ्यात मागे गुणगुण सुरू झाली.

आधी मला वाटलं भुंगा आला. मग काचा खडखडायला लागल्या. पितळी दरवाजा थरथरत होता आणि पाटातल्या पाण्यावर बारीक रेघा उठल्या होत्या.

अण्णांनी गर्रकन वळून सळई धरली. एकदम शांत. सोडली, पुन्हा गुणगुण. पुन्हा धरली, शांत.

"अय्यो," अण्णा म्हणाले. "माझा हात."

"काय झालं?"

"मीच गप करत होतो त्याला. इतके दिवस मीच. धरणावर हात कुठे असतो? वर लांब लोखंडी दोर असतो, तो कशाला गप करेल?"

माणसाचा हात मऊ असतो, तो थरथर पिऊन टाकतो. हे कॉलेजातल्या पोराला ठाऊक असतं. अण्णांची तर हयात त्यात गेली होती. पण एका हाताने नळ कमीजास्त करायचा आणि दुसऱ्या हाताने दरवाजा खालीवर करायचा, तर एकट्या माणसाला सळई धरूनच ठेवावी लागणार. पाण्याचा दाब त्यांनी मोजला होता, पत्र्याची जाडी मोजली होती, काचेचा खडबडीतपणासुद्धा. स्वतःला मोजायचं तेवढं राहिलं.

मग मी नळापाशी उभी राहिले आणि अण्णा पाटाशेजारी जमिनीवर आडवे झाले, डोळे दरवाजाच्या पातळीला आणून. हूक आणि सळईची कडी यांच्यामध्ये आता गाठी मारलेली तार, म्हणजे गाठ बदलली की उघडीप बदलेल. "स्वल्प सोड अम्मा. अजून. सरी, सरी, बास. आता बंद." निरोप्याने ज्या उघडिपीला चांदण्या पाडल्या होत्या तिथेच दरवाजा थरथरायचा. तिथून वर नेला की गप, खाली आणला की गप. अण्णा जमिनीवर पडल्या पडल्या हसत होते. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. लाडू तेवढा त्यांच्या मुठीतच राहिला होता. तो दगड असल्यामुळे त्याला काही झालं नाही.

सोमवारी सकाळी ते साहेबांच्या केबिनमध्ये पुन्हा गेले. आत आवाज चढला तो साहेबांचा. "अण्णा, परवा तुम्ही सांगितलंत ठीक आहे, आज सांगताय मोडेल. मी वर्कशॉपला काय सांगू? वर्कशॉपवाले मला वेड्यात काढतील!" अण्णा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग साहेब बाहेर आले, दोन्ही खोल्यांकडे बघून म्हणाले, "चला सगळे. एकदाच काय ते बघून टाकू." आणि वर्कशॉपला फोन करून पत्रा दुपारपर्यंत थांबवायला सांगितला.

घर दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही चालतच गेलो. अण्णांच्या अंगणात तेव्हा पहिल्यांदाच इतकी माणसं आली असणार, कारण अक्का भिंतीवरून डोकावून कुणाला काही झालं का म्हणून विचारत होत्या. लोखंडवाले आणि पाणीवाले दाटीवाटीने एकमेकांत मिसळून उभे होते. मी नळ सोडला. अण्णांनी सळई हुकात अडकवली आणि हात मागे बांधून बाजूला झाले.

दरवाजा गुणगुणला. काचा वाजल्या. लोखंडवाल्यांपैकी एकाने काचेला बोट लावून बघितलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. साहेब उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग उठले, पँट झटकली.

"खालची कड बदलायची," ते म्हणाले. "आत्ता फोन करा वर्कशॉपला. आणि तो बाहेरचा प्रोग्राम वगैरे सध्या राहू दे." अण्णांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "मानलं अण्णा. पण मग आधी गप का होता हा?"

"हाताने धरलो होतो सर. एका हातात नळ, एका हातात हे. हाताने गप होतं."

साहेब हसले. सगळेच हसले, चांगलं हसले. "अहो, मग कुणाला तरी बोलवायचं ना! एवढी माणसं आहोत आपण ऑफिसात. नळ धरायला कोणीही आलं असतं."

अण्णांनी त्यावर खरोखर विचार केला. ते असंच करायचे, कुणी सहज काही म्हटलं तरी ते तपासून बघायचे. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. लोखंडवाल्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं आणि नजर पुढे गेली. मला ते इतकं लागलं की आजही लागतं.

मग त्यांनी साहेबांना विचारलं, "कोणाला?"

त्यात तक्रार नव्हती. त्यांना ते नाव हवं होतं, एवढंच. साहेबांचा हात त्यांच्या खांद्यावरून खाली आला. अण्णांनी स्वल्प वाट पाहिली, आणि आम्ही सगळे खाली बघतोय हे लक्षात आल्यावर तेच ओशाळले.

"नळ बंद कर अम्मा," ते म्हणाले. "टाकी रिकामी होईल. पाणी आता परवा येणार."